पाला शेताला, काठी भट्टीला

रत्नागिरी जिल्ह्यात ऊर्जेवरून भांडायला माणसे कधी कमी पडली नाहीत. अंजनवेलचा 1967 मेगावॉटचा वायूवरचा प्रकल्प, जयगडचा 1200 मेगावॉटचा कोळशावरचा, माडबनचा 10,380 मेगावॉटचा अजून कागदावरच असलेला अणुप्रकल्प, त्यानंतर नाणार आणि बारसूची रिफायनरी. तीन दशके सभा, मोर्चे, जनसुनावण्या झाल्या त्या बाहेर जाणाऱ्या विजेवर, नाहीतर बाहेरून येणाऱ्या तेलावर. जिल्ह्यातल्या लहान कारखान्यांना मात्र विजेइतकीच गरज असते ती वाफेची. काजूबी वाफवायला वाफ लागते, आंब्याचा रस डब्यात भरायला लागते, मासळीची भुकटी सुकवायला लागते. त्या वाफेखाली काय जळते याची जनसुनावणी होत नाही. फर्नेस ऑइल जळते, कोळसा जळतो, काजूची टरफले जळतात, आणि खासगी डोंगरांवरून उक्त्या सौद्याने उतरलेले लाकूडही जळते.

हे जळण मुद्दाम लावून, वाढवून, दर दोन-तीन वर्षांनी कापून घ्यावे का, हा प्रश्न आता विचारला जातो आहे. बांबूच्या निमित्ताने तो मुंबईहून आणि दिल्लीहूनही येतो. एका बाजूने मांडला की हा विषय लगेच सरकारी माहितीपत्रकासारखा वाटू लागतो, म्हणून इथे तो दोघांच्या तोंडी घातला आहे. तात्या संगमेश्वर तालुक्यातले आंबा-काजूचे बागायतदार. त्यांची पुतणी बॉयलरच्या कामातली अभियंता. दोघेही कल्पित आहेत, आकडे नाहीत.

तात्या : बाय, दर पंधरा-वीस वर्षांनी सरकारला एक झाड सापडते आणि ते झाड आमचे दारिद्र्य घालवणार असते. ऐंशीच्या दशकात सुबाभूळ आली. उरुळीकांचनच्या बायफने, मणिभाई देसाईंनी ती मनापासून पसरवली. चारा होता, जळण होते, खोटे काही नव्हते. पण 1988 च्या सुमारास सायलिड नावाचा बारीक किडा देशात शिरला आणि कोवळे शेंडे करपून गेले. एकाच झाडावर सगळी भिस्त ठेवली की एक किडा पुरतो. मग वनीकरणवाल्यांनी ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली. ती अजून सड्यांच्या कडेने उभी आहे, खाली वाळक्या पाल्याचा थर, त्यात गवत उगवत नाही आणि उन्हाळ्यात तोच पाला वणव्याला वाट देतो. त्यानंतर 2003 साली नियोजन आयोगाने जैवइंधनाचा अहवाल काढला. देशात एक कोटीहून जास्त हेक्टरांवर जट्रोफा, आणि 2011-12 पर्यंत डिझेलमध्ये 20 टक्के त्याचे तेल! जट्रोफा म्हणजे आमचा मोगली एरंड. आजोबांच्या वेळेपासून तो कुंपणाला आहे. त्याला बी किती धरते हे दिल्लीने कुंपणालाच विचारले असते तरी चालले असते. आज डिझेलमध्ये बायोडिझेल टक्काभरही नाही. आता तू गिरीपुष्प घेऊन आलीस, नाहीतर बांबू घेऊन येशील. मी ऐकतो, पण आधी सांग, या वेळी निराळे काय आहे?

पुतणी : निराळे हे की मी तुमच्याकडे बी मागत नाही. मोगली एरंड वाईट जमिनीत जगतो हे खरे होते. त्यावरून तो वाईट जमिनीत पिकतोही, असे धरून चालले तिथे सगळे बिघडले. कातळालगतच्या पातळ मातीत झाड तग धरते ते फळ आखडते घेऊनच. तेल हवे तर बी हवे, बी हवे तर खत-पाणी हवे, आणि फळे एकदम पिकत नाहीत म्हणून तोडणीला माणूस पुन्हा पुन्हा न्यावा लागतो. नुसती काठी हवी असेल तर यातले काही लागत नाही. गिरीपुष्प तर तुमच्याच बांधावर आहे. त्याचा पाला भातखाचरात गाडा, असे दापोलीचे कृषी विद्यापीठ किती वर्षे सांगते आहे. मृगाच्या पावसात खुंट रोवला की तो फुटतो, गुडघ्याच्या वर तोडला की पुन्हा धुमारे येतात, मुळांच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात. श्रीलंकेत, आपल्यासारख्याच जांभ्या मातीत, चहा, रबर, नारळ यांच्यामागून गिरीपुष्पाला 2005 साली चौथे लागवडीचे पीक म्हणून मान्यता दिली, ती जळणासाठीच. पाला शेताला, काठी भट्टीला. पाल्यात नत्र जास्त असतो, तो शेतातच राहतो; भट्टीत जातो तो मुख्यतः कार्बन. शिवाय राबासाठी ऐन-किंजळाची कवळ तोडतात, त्या झाडांनाही थोडी उसंत मिळेल. किडीचे तुमचे म्हणणे मात्र मी मान्य करते. म्हणूनच एका जातीचे रान नको, बांधावर दोन-चार जाती मिसळून हव्यात.

तात्या : आणि ती काठी जाणार कुठे? जयगडला? दिल्लीचा हुकूम आहे म्हणे, कोळशात लाकूड मिसळा.

पुतणी : केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने 2021 मध्ये औष्णिक केंद्रांसाठी 5 टक्के बायोमास मिसळण्याचे धोरण काढले होते. पण जयगडसाठी ते करून बघू, कागदावर. बाराशे मेगावॉटचे केंद्र सत्तर टक्के क्षमतेने चालले तर वर्षाला 700 कोटींहून जास्त युनिटे, आणि युनिटामागे अर्धा किलोच्या वर कोळसा. म्हणजे वर्षाला 40 लाख टनांच्या आसपास. त्याच्या 5 टक्के उष्णतेसाठी दोन लाख टनांहून जास्त लाकूड. वरकस जमिनीत खतपाण्याविना हेक्टरी पाच टन कोरडे लाकूड निघाले तरी बरे म्हणायचे. त्या हिशेबाने निदान 40,000 हेक्टर. जिल्हा आहे 8,208 चौरस किलोमीटरचा. एका केंद्राच्या पाच टक्क्यांसाठी अख्ख्या जिल्ह्याची पाच टक्के जमीन द्यायची आणि तरीही बाकीचे पंचाण्णव टक्के कोळसा जळतच राहणार. या कामाला मी स्वतः विरोध करीन.

इथे दोघांचे बोलणे थोडे थांबवून हिशेब पुढे नेला पाहिजे, कारण ऊर्जालागवडीचे समर्थक नेमके इथेच घसरतात. हिरवे पान सूर्यप्रकाशातली ऊर्जा साठवते ती शेतातल्या परिस्थितीत टक्काभर, बहुधा त्याहूनही कमी. बाजारात मिळणारे सौर पॅनेल वीस टक्क्यांच्या आसपास पकडते, आणि तीही थेट वीज. लाकडाची वीज करायची तर आधी वाफ, मग टर्बाइन, आणि लहान केंद्रात लाकडातल्या उष्णतेचा चौथा हिस्सादेखील विजेत उतरत नाही. एक मेगावॉटचे लाकडावरचे केंद्र वर्षाला सात हजार तास चालवायचे तर युनिटाला सव्वा किलोच्या हिशेबाने पावणेनऊ हजार टन जळण लागेल, त्याला सतराशे-अठराशे हेक्टर लागवड. तितकीच सत्तर लाख युनिटे सौर पॅनेलांवर घ्यायची तर दहा हेक्टरांत काम भागते. दीडशेपटीहून मोठा हा फरक कोणत्याही सुधारित वाणाने भरून निघणारा नाही. तेव्हा गवत, बांबू, गिरीपुष्प यांच्यावर वीज करण्याच्या योजना कोकणात आल्या तर त्या विनासंकोच परत पाठवाव्यात. ब्रिटनमधल्या ड्रॅक्स केंद्राने कोळशाऐवजी लाकडाचे पेलेट जाळायला घेतले आणि ते अटलांटिकपलीकडून, अमेरिकेतून, जहाजे भरून आणावे लागले. ‘स्थानिक इंधन’ या कल्पनेचे याहून मोठे विडंबन सापडणार नाही.

उष्णतेचा हिशेब मात्र पार वेगळा आहे. वाफ हवी असेल तर लाकडातली सत्तर-पंचाहत्तर टक्के उष्णता चांगला बॉयलर वाफेत उतरवतो. विजेचा लांबचा वळसा टळतो. सात-आठ किलो दाबाची वाफ पावसाळ्यात सौर उपकरणांवर मिळवणे कठीण, कारण रत्नागिरीत तीन-चार महिने आभाळ उघडत नाही. लाकूड म्हणजे साठवून ठेवलेले ऊन. पुरेशा वाळलेल्या, वीस टक्के ओलाव्याच्या लाकडात किलोला सुमारे 3400 किलोकॅलरी मिळतात, म्हणजे साधारण तीन टन लाकूड एक टन फर्नेस ऑइलची जागा घेते. महाराष्ट्रात ही वाट नवीनही नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने नव्वदच्या दशकात उसाचे पाचट आणि बाजरीची ताटे यांच्यावर चालणारा गॅसिफायर उभा केला तो उष्णतेसाठी. पुण्याच्या आरती या संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली, पाचटापासून कोळसा करण्याच्या पद्धतीसाठी 2002 मध्ये अ‍ॅशडेन पुरस्कार मिळवला. दोन्ही ठिकाणी विचार हाच होता, की जे हलके आणि विखुरलेले आहे ते जिथल्या तिथे उष्णतेसाठी वापरावे.

पुतणी : तासाला एक टन वाफ देणारा बॉयलर घ्या, तात्या. काजू-मासळीच्या लहान कारखान्याला तो पुरतो. तासाला अडीचशे किलो लाकूड. दिवसाला आठ तास, वर्षाला अडीचशे दिवस. झाले पाचशे टन. वाळवून उरलेल्या पाण्याचे वजन सोडले तर चारशे टन कोरडे लाकूड. हेक्टरी पाच टनांनी ऐंशी हेक्टर, जमीन बरी असेल तर चाळीसच. हे दोन-तीन गावांच्या पडीक वरकसात आणि बांधांवर बसते. रोज एक टेम्पो, दहा-पंधरा किलोमीटरच्या आतून.

तात्या : तुझी बेरीज बरोबर असेल. पण याला ‘स्वच्छ’ कसे म्हणायचे? आमच्या चुलीपुढे बायकांची हयात गेली, डोळे गेले, छातीत कफ भरला. तोच धूर तू गावातून उचलून एमआयडीसीत नेणार. काजूची टरफले उघड्यावर जाळतात तेव्हा काय होते ते पाहिलेस ना? वारा फिरला की अख्खी वाडी खोकते. टरफलातल्या तेलाने हाताची कातडी भाजते, ते जळून हवेत गेले तर फुप्फुसांचे काय होत असेल?

पुतणी : टरफलांचे तुमचे म्हणणे शंभर टक्के खरे. तेल काढून घेतल्याशिवाय टरफले जाळूच नयेत. तेलाला रंग आणि ब्रेकलायनिंगच्या धंद्यात गिऱ्हाईक आहे, आणि उरलेला चोथा उत्तम जळतो. पण लाकडाच्या धुराचे मुख्य कारण लाकूड नव्हे, पाणी. ताजी तोडलेली काठी हातात घ्या : साल ओढली की ओल्या दोरीसारखी सोलून येते, दोन काठ्या एकमेकींवर आपटल्या की बद्द आवाज येतो, आणि जाळात घातली की टोकातून फेस येतो. त्या काठीचे निम्मे वजन पाण्याचे असते. किलोला 1900 किलोकॅलरीच हाती लागतात, कारण ते पाणी उकळून घालवण्यात आग खर्ची पडते. भट्टी थंडावते, वायू अर्धवट जळतात, आणि तेच धुराड्यातून काळे होऊन बाहेर पडतात. तीच काठी दोन-तीन महिने वाळली की सालीला भेगा पडतात, टोकाला चांदणीसारख्या चिरा दिसतात, आपटली की खणखणते. ती भरपूर हवेत, आठशे-नऊशे अंशांच्या भट्टीत जळली तर धुराड्यातून दिसण्याजोगा धूर निघत नाही. बारीक कण तरीही निघतात, त्यांच्यासाठी सायक्लोन आणि बॅगफिल्टर हवाच. तो नसेल तर मी या जळणाला स्वच्छ म्हणणार नाही. गंधकाच्या बाबतीत मात्र लाकूड कोळसा आणि फर्नेस ऑइल या दोघांपेक्षा किती तरी निर्मळ आहे. आणि राख? कोळशाच्या राखेचे ढिगारे पडतात. लाकडाची राख टक्का-दीड टक्का, तीही चुना-पालाशयुक्त. आपल्या आम्लधर्मी जांभ्या मातीला ती परत घालता येते, घालायलाच हवी.

तात्या : आणि पावसात? आगोट नावाची गोष्ट तुमच्या पुस्तकात आहे का? घरच्या चुलीचे चार महिन्यांचे जळण माळ्यावर रचताना आमची त्रेधा उडते. पाचशे टन कुठे रचणार?

पुतणी : पाचशे टन रचावे लागत नाही. इथल्या धंद्याचे वेळापत्रक बघा. आंब्याचे कॅनिंग एप्रिल ते जून, म्हणजे लाकूड सगळ्यात कोरडे असते तेव्हा. 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी असते, त्यामुळे मासळीच्या कारखान्यांची वाफ ऐन पावसात ओसरते. काजू तेवढा बारमाही. गिरीपुष्प थंडीच्या अखेरीला पाने झाडून फुलावर येते, तेव्हा तोडायचे, चैत्र-वैशाखाच्या उन्हात उघड्यावर वाळवायचे, मृगाच्या आधी पत्र्याखाली न्यायचे. आगोट कारखान्यानेही करायची, एवढेच.

तात्यांचा यापुढचा मुद्दा कार्बनचा होता, आणि तो शहाण्या माणसालाही चकवतो. झाड जाळल्यावर जो कार्बन हवेत जातो तो झाडाने हवेतूनच घेतला होता, सबब हिशेब शून्य, असे सरसकट सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. साठ वर्षांचा ऐन तोडून जाळला तर साठ वर्षांचा साठा एका सकाळी हवेत जातो आणि तो परत गोळा व्हायला पुन्हा साठ वर्षे लागतात. तीही तिथे दुसरा ऐन वाढू दिला तर. आजच्या घाईत त्या लाकडाची बाजू कोळशाहून चांगली म्हणता येत नाही. तीन वर्षांच्या धुमाऱ्याचे तसे नाही. तो तोडला तरी मूळ आणि बुंधा जमिनीत जिवंत राहतो, तीन वर्षांत तितकीच काठी परत येते, आणि दर वर्षी एक तृतीयांश भागच तोडला तर रानावर काठीचा साठा कायम राहतो. तेव्हा जळण स्वच्छ की अस्वच्छ हे लाकूड आहे की कोळसा एवढ्यावर ठरत नाही. ते लाकूड किती वर्षांत परत उभे राहते आणि ते उभे करायला आधी काय तोडले, यावर ठरते. जंगल साफ करून त्या जागी ऊर्जालागवड केली तर तिचे कार्बनखाते पिढीभर तोट्यात जाईल. तात्या या बाबतीत गप्प बसले नाहीत, आणि बसूही नये.

तात्या : हे सगळे मानले, तरी तुझे गिरीपुष्प विकत कोण घेणार? आमच्या जिल्ह्यात वनखात्याची जमीन अगदी थोडी, झाडोरा बहुतेक खासगी मालकीचा. पोराच्या शिक्षणाला किंवा आजारपणाला पैसा लागला की मालक डोंगर उक्ता देऊन टाकतो. ठेकेदार येतो, मशीनच्या करवतीने आठ दिवसांत उतार बोडका करतो. त्या लाकडाच्या भावात काय असते? तोड, भरणी आणि ट्रकचे भाडे. वाढायला लागलेल्या चाळीस-पन्नास वर्षांचा एक पैसाही त्यात नसतो. तुझ्या काठीच्या भावात खुंट असणार, मजुरी असणार, तीन वर्षांची वाट बघणे असणार. फुकट वाढलेल्या मालाशी लावून वाढवलेला माल कसा टिकेल? आणि उद्या कारखान्याने ‘आम्ही लागवडीचे जळण वापरतो’ अशी पाटी लावली, तर त्या पाटीमागून ऐन-किंजळच आत जाईल. कोण बघणार आहे?

पुतणी : याचे पुरे उत्तर माझ्याकडे नाही, तात्या. अर्धे आहे. 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत ऐन आहे, किंजळ आहे, आंबा-फणस आहे, गिरीपुष्प नाही. बांबूला तर 2017 साली वन अधिनियमातल्या वृक्षाच्या व्याख्येतूनच वगळले. म्हणजे कायद्याने दोन्ही जळणे वेगळी ओळखली आहेत. गेटवर ती ओळखायची इच्छा हवी. लागवडीची काठी मनगटाएवढी जाड असते. चिपर मशीन मनगटाएवढेच तोंड असलेले घेतले आणि भट्टीला चिप्सच चालतील अशी बांधली, तर ओंडका आत शिरायला जागाच उरत नाही. ऐनाच्या फांद्या घुसवतील, खरे आहे. पण ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळते, ती ओळखायला पदवी लागत नाही.

ही अडचण यंत्राने सुटणारी नाही, आणि माझ्या मते या सबंध विषयाचे मर्म इथेच आहे. ऊर्जालागवड जंगलावरचा ताण कमी करते, असे तिचे समर्थक गृहीत धरतात. बाजार ते गृहीत धरत नाही. स्वस्त लाकूड मिळते तोवर महाग काठी पडून राहते. आणि लाकडावरचे बॉयलर वाढले की आधी स्वस्त लाकडाचीच मागणी वाढते. फर्नेस ऑइलवरून लाकडावर आलेला प्रत्येक कारखाना, लागवड तयार होईपर्यंतची पहिली तीन वर्षे, डोंगराकडेच हात पसरतो. म्हणून क्रम उलटा हवा : आधी काठी उभी राहिली पाहिजे, मग बॉयलर बदलला पाहिजे. आणि डोंगर उक्ता द्यावा लागू नये यासाठी मालकाच्या हाती दुसरा पैसा हवा. पुण्याची अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन ही संस्था संगमेश्वर परिसरात खासगी जंगलांच्या मालकांशी न तोडण्याचे करार करते, त्यांना त्याबद्दल मोबदला देते. वरच्या उताराला असा करार आणि खालच्या वरकसात काठीचे पीक, अशी जोडी जमली तर मालकाला दोन्हींचे उत्पन्न होईल. नुसती लागवड त्याला पुरणार नाही.

जमिनीबद्दल तात्यांचे म्हणणे थोडक्यात देतो, कारण त्यात वादाला फारशी जागा नाही. सातबाऱ्यावर सडा, म्हणजे कातळाचे पठार, ‘पोटखराबा’ म्हणून लागतो आणि वरून आलेल्या प्रत्येक योजनेला तो रिकामा दिसतो. पावसात याच कातळावर इंचभर मातीत जी फुले आणि गवते येतात त्यांतली काही जगात दुसरीकडे सापडत नाहीत. उक्षी, जांभरुण, कशेळी, देवाचे गोठणे इथली कातळशिल्पे याच सड्यांवर आहेत आणि 2022 मध्ये ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. खड्डे घ्यायला तिथे सुरुंग लावावे लागतील, आणि एवढे करून झाड वाढणार नाही. सडा या हिशेबातून पूर्ण वगळावा. माणगा बांबूचे बेटही वगळावे : माणग्याची भरीव काठी घाटावर टोमॅटोच्या आधाराला आणि फर्निचरला जाते, तिथे तिला जळणापेक्षा कितीतरी जास्त पैसे मिळतात, भट्टीला त्याचे शेंडे आणि तुकडे तेवढे द्यावेत. सड्यावरचे गवत वणव्यात जाण्यापेक्षा कापून जाळावे, असेही कोणी सुचवतात. गवतातली वाळू आणि पालाश भट्टीत वितळून क्लिंकर धरतो, आणि मोकळे गवत वाहून नेणे म्हणजे ट्रकभर हवा वाहणे. वणवा थांबवणे हे स्वतंत्र काम आहे, ते इंधनाच्या नावाखाली होणार नाही.

राहते ते वरकस. नाचणी-वरीची ही जमीन माणसे मुंबईला गेल्यामुळे पड राहिली आहे, त्यामुळे अन्नाच्या जागी इंधन हा जगभरचा आक्षेप इथे तितकासा लागत नाही. पण ज्या कारणाने नाचणी गेली तेच कारण काठीलाही आडवे येते.

तात्या : सामाईक सातबाऱ्यावर वीस नावे, त्यांतली पंधरा बोरिवली-विरारला. करार कोणाशी करशील? तोडायला माणूस कुठून आणशील? 

पुतणी : नाचणीला माणूस लागतो तो ठरलेल्या आठवड्यात, चुकला की पीक गेले. काठी या वर्षी नाही तोडली तर पुढल्या वर्षी तोडता येते, ती वाट बघते. माकडांनी न्यावे असे तिच्यावर फळ नाही. आणि सुरुवात सामाईक जमिनीवर नकोच. ज्याचा बांध त्याच्या एकट्याच्या नावावर आहे त्याने बांधावरून करावी. त्याआधी जे आहे ते वापरा. एक टन काजूबी फोडली की सातशे किलोच्या आसपास टरफल निघते, त्यातून तेल काढून उरलेला चोथा त्या कारखान्याच्या वाफेला पुष्कळ झाला. काजूवाल्याला लाकडाची गरजच नाही. हापूसच्या जुन्या बागांची छाटणी निघते, नारळाची सोडणे आणि झावळ्या पडून असतात. हे आधी मोजायचे आणि कमी पडेल तेवढीच काठी लावायची.

तात्या : आणि मोजायचे कसे? वजनाने ना? मग मी आजच सांगतो, शेतकरी ओली काठीच घालणार. दहा टन ओले घातले तर पैसे दहा टनांचे. वाळवून घातले तर तेच सव्वासहा टन भरते. उन्हात वाळवून स्वतःचे नुकसान कोण करून घेईल?

हा शेवटचा प्रश्न साधा वाटतो, पण सगळी योजना यावर उभी राहील किंवा पडेल. वजनावर भाव दिला की शेतकऱ्याला पाणी विकण्याचा मोह, कारखान्याला धूर सोडण्याची सबब, आणि दोघांना एकमेकांवर संशय. भाव कोरड्या वजनावर, ओलावा तपासून, गेटवर उघडपणे ठरला तर वाळवण्याचे पैसे वाळवणाऱ्याला मिळतात. दुधाला फॅट बघून भाव द्यायला महाराष्ट्र कधीच शिकला आहे. ओलावा मोजण्याचे यंत्र त्यापेक्षा सोपे आहे. तेव्हा माझे मत असे : वीज करायला, कोळशात मिसळायला किंवा जिल्ह्याबाहेर पाठवायला रत्नागिरीने एक हेक्टरही ऊर्जालागवडीला देऊ नये. जो कारखाना ओलावा मोजून भाव द्यायला, ओंडका गेटवरून परत पाठवायला आणि धुराड्याला फिल्टर बसवायला लेखी तयार नाही, त्याच्यासाठी शेतकऱ्याने खुंटदेखील रोवू नये. जो तयार आहे, त्याच्या दहा-पंधरा किलोमीटरच्या आतल्या बागायतदारांनी येत्या मृगाला आपल्या बांधावर गिरीपुष्प लावावे, आणि तीन वर्षांचा करार हातात आल्यावरच लावावे.